रद्दीच्या लगद्याचे ब्लॉक : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात रद्दी कागद आणि सिमेंट यांपासून केलेल्या हलक्या ब्लॉकवर एक छोटी टीप छापली होती. त्यावर बेळगाव, खानापूर, निपाणीपासून हल्याळ-भालकीपर्यंतच्या वाचकांची पत्रं आली. पुष्कळांनी तेच ते विचारलंय, म्हणून निवडक प्रश्न घेतले आहेत. जिथे वेगळं सांगितलेलं नाही तिथे सगळी मापं वजनाची आणि कागद कोरडा धरलेला आहे.

प्रश्न : टीपेत कागद आणि सिमेंट 'जवळजवळ समप्रमाणात' असं लिहिलंय. ते वजनानं की बुट्टीनं? आम्ही लगद्याच्या ड्रममध्येच सिमेंट-वाळू टाकून कालवलं आणि पातळसर माल साच्यात ओतला. महिन्यानं ब्लॉक वाळले, पण कडा बोटानं सुटतात.
– एक वाचक, येळ्ळूर

उत्तर : वजनानं, आणि 'जवळजवळ' म्हणजे सात किलो कागदाला दहा किलो सिमेंट. बुट्टीनं मोजायला गेलात तर हिशेब पार कोलमडतो. वीस लिटरच्या बुट्टीत सिमेंट मावतं साधारण २८ किलो. तीच बुट्टी निथळलेल्या लगद्यानं भरली तर त्यात कागद असतो जेमतेम चार-पाच किलो, बाकी पाणीच.

तुमच्या कडा सुटतात त्याचं कारण मात्र प्रमाणात नाही, पाण्यात आहे. पातळ लगद्यात सिमेंट टाकलं की साच्यातून जे पाणी पाझरतं त्याबरोबर सिमेंटही निघून जातं. साच्याखालचं पाणी राखाडी होतं का, आठवून पाहा. ते राखाडी पाणी म्हणजे तुमचं सिमेंटचं पोतं. कडांना सर्वांत जास्त पाणी पाझरतं म्हणून कडा आधी जातात.

म्हणून क्रम असा ठेवा. एका घाण्याला ७ किलो कागद घ्या. वर्तमानपत्र एक दिवस भिजू द्या, पुठ्ठा दोन-तीन दिवस. पाणी गरम असेल तर काम लवकर होतं. दोनशे लिटरच्या ड्रममध्ये १४० लिटर पाणी, त्यात भिजलेला कागद, आणि मोटरवर फिरणारं पातं. पातं धारदार नको. कागदाचा धागा मुळातच एक ते तीन मिलिमीटरचा असतो, तो कापायचा नाही, सुटा करायचा आहे. बोथट पट्टी ड्रमच्या तळापासून चार इंचांवर बसवा, आणि ड्रमच्या आतल्या अंगाला दोन उभ्या पट्ट्या वेल्ड करून घ्या. त्या नसल्या तर पाण्याचा नुसता भोवरा होतो आणि कागद त्याच्याबरोबर गोल फिरत राहतो, फुटत नाही. दोन एचपीची मोटर पुरते. मूठभर लगदा काचेच्या ग्लासातल्या पाण्यात ढवळून उजेडात धरा. अक्षरं वाचता येतील असे तुकडे दिसले तर अजून फिरवा.

आता लगदा शेडनेटच्या पिशवीत ओतून टांगा. मुठीत दाबल्यावर चार थेंब पडतील, धार लागणार नाही, इतपत निथळू द्या. हे पाणी सिमेंट न लागलेलं आहे, पुढच्या घाण्याला तेच वापरा. मग पत्र्यावर किंवा ताडपत्रीवर १० किलो सिमेंट आणि १० किलो चाळलेली वाळू किंवा एम-सँड (दगड दळून केलेली वाळू) कोरडीच एकत्र करून घ्या, ती लगद्यावर पसरा आणि चिखल तुडवतात तसं तुडवून, खोऱ्यानं उलथून कालवा. तुडवताना गमबूट आणि हातात रबरी मोजे हवेतच, सिमेंटचा ओला माल कातडी खातो. साध्या फिरत्या मिक्सरमध्ये हा माल गोळे होऊन भांड्याला चिकटतो, त्याच्या नादी लागू नका.

एका घाण्यात ४००×२००×१०० मिलिमीटरचे जेमतेम पाच ब्लॉक होतात. साचा थोडा मोठा लागतो, कारण माल वाळताना आवळतो. ४२० × २१० × १०५ पासून सुरुवात करा, पहिल्या घाण्याचे दोन ब्लॉक पूर्ण वाळल्यावर मोजा आणि मगच बाकीचे साचे करायला टाका. साच्याला तळ नको. खाली वाळूचा थर, त्यावर शेडनेट. कोपऱ्यांत माल हातानं दाबून भरा, वरून लाकडी थापीनं ठोका आणि साचा सरळ वर उचला.

पहिले तीन दिवस ओली पोती टाकून झाका. वेगळं पाणी मारायची गरज नाही, कागदाच्या पोटात भरपूर असतं. मग ब्लॉक कडेवर उभे करा, आठवडाभर सावलीत, पुढे उन्हात. चार ते सहा आठवडे धरून चाला. 'वरून खडखडीत वाटतो' या खुणेवर जाऊ नका. एका ब्लॉकवर खडूनं तारीख आणि वजन लिहून ठेवा, आठ दिवसांच्या अंतरानं वजन पन्नास ग्रॅमहून जास्त उतरलं नाही की तो वाळला. वाळलेला ब्लॉक साडेपाच ते सहा किलो भरतो. याच मापाचा भरीव सिमेंट ब्लॉक सोळा किलोच्या वर जातो.

हंगाम दिवाळीनंतरचा. मार्चनंतर वळिवाचा भरवसा नाही, ताडपत्री हाताशी ठेवा.

प्रश्न : जांबोटी रस्त्याला शेतघराभोवती कागदी ब्लॉकचं चार फुटी कंपाऊंड घातलं. एका पावसाळ्यात खालचे दोन थर फुगून बाहेर आले, डोक्यावर शेवाळ धरलं, गिलाव्याला आडवे तडे गेले. वॉटरप्रूफिंगचं केमिकल मारलं तर भिंत वाचेल का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : वाचणार नाही, उलट लवकर जाईल.

या भिंतीत पाणी दोन वाटांनी शिरलंय. खालून जमिनीतलं वर चढलं, आणि डोक्यावर उतरती कोपिंग (भिंतीच्या माथ्यावरचं झाकण) नसल्यामुळे वरून मुरलं. कागदाचा धागा पाणी पितो आणि फुगतो, वाळला की आवळतो. सिमेंटचा गिलावा तेवढा फुगत-आवळत नाही, म्हणून तो ब्लॉकपासून सुटतो आणि तडकतो. तड्यातून पुन्हा पाणी आत. वरून केमिकलचा थर दिलात तर आतलं पाणी बाहेर पडायची वाटच बंद होते, आणि पाठीमागं ब्लॉक कुजत राहतो. थर काढायला गेलात की हातात लगदाच येतो.

एक सोपी चाचणी घरच्या घरी होते. पूर्ण वाळलेला ब्लॉक वजन करून चोवीस तास पाण्यात बुडवा, बाहेर काढून फडक्यानं पुसा, पुन्हा वजन करा. वाढलेलं वजन भागिले कोरडं वजन, गुणिले शंभर. साध्या भाजलेल्या विटेला भारतीय मानकाप्रमाणे (आयएस १०७७) हा आकडा २० टक्क्यांच्या आत लागतो. कागदी ब्लॉक पन्नास टक्के सहज ओलांडतो. म्हणजे पावणेसहा किलोचा ब्लॉक भिजला की नऊ किलोच्या घरात जातो, आणि तेवढाच मऊ पडतो. अथणीकडे एखादी सर येते आणि दोन दिवसांत ऊन पडतं. जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंतीला वाळायला फट मिळत नाही.

भिंत उतरवा. वरचे जे थर शाबूत आहेत ते फेब्रुवारीत कडक वाळवून घरातल्या आडभिंतीला वापरता येतील, खालचे दोन थर टाकून द्या. कंपाऊंड जांभ्याच्या चिऱ्याचंच घाला. जांभा पाणी पितो, पण फुगत नाही की कुजत नाही, आणि तुमच्याकडे तो दारात मिळतो. ज्या तालुक्यात चिरा मिळतो तिथे उघड्यावर कागद लावण्यात आम्हाला कसलंच शहाणपण दिसत नाही.

कमी पावसाच्या भागात बाहेरची भिंत करायचीच असेल तर जोतं दगडाचं किंवा काँक्रीटचं, जमिनीपासून किमान दीड फूट. त्यावर ओल अडवणारा थर. छपराची वळचण दोन फूट बाहेर. आणि गिलावा चुना घातलेला.

प्रश्न : कागद विकत घ्यावा लागतो, उसाचं चिपाड मात्र ढिगानं पडलेलं असतं. निम्मा कागद, निम्मं चिपाड घालून ब्लॉक करून पाहिले. चार दिवस झाले तरी माल ओल्या शेणासारखाच. सिमेंट तर नवं होतं.
– एक वाचक, संकेश्वर

उत्तर : सिमेंटचा दोष नाही, साखरेचा आहे. सिमेंटच्या वजनाच्या ०.०५ टक्के साखर मिसळली तरी माल धरायला काही तास जास्त लागतात. ०.२ टक्क्यांच्या पुढे गेलात तर सिमेंट जवळजवळ धरतच नाही. पन्नास किलोच्या पोत्याचा हिशेब केला तर ०.०५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम, चहाचे पाच चमचे. ०.२ टक्के म्हणजे शंभर ग्रॅम. आता कारखान्यातून निघालेल्या चिपाडात निम्मं पाणी आणि दोन-तीन टक्के साखर उरलेली असते. असं दहा किलो चिपाड एका पोत्याला घातलंत की दोनशे ग्रॅम साखर गेलीच. गुऱ्हाळाचं चिपाड याहून गोड, कारण तिथला चरक रस तेवढा काढत नाही.

वापरायचंच असेल तर चिपाड बारीक करून चोवीस तास पाण्यात, पाणी बदलून पुन्हा चोवीस तास, शेवटच्या पाण्यात चुन्याची निवळी. पिळून, वाळवून मग कागदाच्या जागी एक चतुर्थांशपर्यंत घ्या, त्यापुढे नको. धुतलेलं पाणी जिभेला गोडसर लागलं तर अजून एक पाणी लागेल. मुंग्या तर न विचारता सांगतात.

पुठ्ठ्याचंही थोडं असंच आहे. खोक्याच्या नागमोडी पुठ्ठ्याचे थर स्टार्चच्या खळीनं चिकटवलेले असतात आणि तीही सिमेंटला उशीर करते. नुसत्या पुठ्ठ्याचा माल असेल तर भिजवलेलं पहिलं पाणी फेकून द्या आणि ब्लॉक कडेवर उभे करायला एक दिवस जास्त धरा.

कारखान्याच्या बॉयलरची राख ही मात्र कामाची वस्तू आहे. नीट जळालेली, करडी राख बारीक करून, चाळून सिमेंटच्या दहा टक्के जागी घालता येते. काळी राख म्हणजे त्यात न जळालेला कोळसा जास्त, ती घेऊ नका.

प्रश्न : उद्यमबागच्या फाउंड्रीतून वापरलेली वाळू फुकट मिळते. चालेल?
– एक वाचक, मजगाव

उत्तर : कोणती, ते आधी विचारा. काळी ओली 'ग्रीन सँड' असेल तर तिच्यात बेंटोनाइट माती आणि कोळशाची भुकटी असते. बेंटोनाइट पाणी धरून फुगतं आणि वाळताना आवळतं, त्यामुळे ब्लॉकला केसासारख्या भेगा पडतात. वाळूच्या एक चतुर्थांशपर्यंतच, तीही चाळून आणि लोहचुंबक फिरवून छर्रे काढून. किती माती आहे ते बाटलीत कळतं. निम्मी बाटली वाळू, वर पाणी आणि चिमूटभर मीठ, खळखळून हलवून तीन तास ठेवा. वाळूच्या वर बसलेला गाळाचा थर वाळूच्या उंचीच्या आठ टक्क्यांहून जाड असेल तर ती धुतल्याशिवाय घेऊ नका.

रेझिननं बांधलेली कोअरची (ओतकामात पोकळी राखणाऱ्या गाभ्याची) वाळू असेल तर राहत्या घरासाठी नको. वास जात नाही, आणि त्या रेझिनमध्ये काय होतं हे देणारा सांगत नाही.

प्रश्न : आमच्या वरच्या मजल्यावर दहा बाय दहा फुटांची एक आडभिंत घालायची आहे. खाली माग चालतात. स्लॅब जुना आहे म्हणून गवंडी वीट नको म्हणतो. कागदी ब्लॉक चालतील का? त्यावर फळ्या ठोकता येतात का?
– एक भगिनी, शहापूर

उत्तर : ताई, या ब्लॉकचं खरं काम हेच. कोरडी जागा, डोक्यावर भार नाही, खाली वजन नको.

वजनाचा हिशेब पाहा. तीन मीटर बाय तीन मीटर, शंभर मिलिमीटर जाडीची भिंत म्हणजे ०.९ घनमीटर. कागदी ब्लॉकची साडेसहाशे किलोच्या आसपास, भरीव सिमेंट ब्लॉकची साडेअठराशे. पण दोन्ही बाजूंना बारा मिलिमीटर गिलावा केलात तर त्याचेच सव्वाचारशे किलो चढतात, हे बहुतेक जण धरत नाहीत. तुमच्याकडे एका बाजूला पातळ चुन्याचा हात आणि दुसरीला नुसती पुटी असं केलंत तर निम्म्याहून जास्त गिलावा वाचेल. जुना स्लॅब आणि खाली मागांची थरथर, म्हणून एकदा इंजिनिअरला दाखवाच. आडभिंत शक्यतो खालच्या भिंतीच्या किंवा बीमच्या ओळीत घ्या.

बांधताना पहिले दोन थर सिमेंट ब्लॉकचे. फरशी पुसायचं पाणी रोज तिथे लागतं, कागद तिथेच आधी सडतो. त्यावर कागदी ब्लॉक. जोडायला १:४ चा (एक सिमेंट, चार वाळू) कडक माल नको, ब्लॉक हलला की सांध्यातून तडकतो. ब्लॉकचाच माल जरा घट्ट कालवून सांध्याला वापरा, किंवा बुट्टीच्या मापानं एक भाग सिमेंट, एक भाग विरवलेला चुना, सहा भाग वाळू. ब्लॉकवर आधी ओला कुंचा फिरवा, बादलीत बुडवू नका. दर चार फुटांवर तीन इंची काँक्रीटचा पट्टा, त्यात सहा मिलिमीटरच्या दोन सळ्या, दोन्ही टोकं बाजूच्या भिंतीत खोचलेली. वर स्लॅबला भिंत घट्ट टेकवू नका, अर्धा इंच फट ठेवून लवचीक सीलंट भरा. स्लॅब वाकला तर भार आडभिंतीवर येतो आणि कागदी ब्लॉक दबतो.

फळ्यांचं : खिळा सहज जातो आणि तितक्याच सहज निघून येतो. फोटो, कॅलेंडर ठीक. फळी, पंखा, गिझर यांना आरपार बोल्ट आणि मागं दोन इंची वॉशरपट्टी हवी, किंवा बांधतानाच त्या जागी लाकडी ठोकळा बसवून घ्या. विजेच्या पाइपची खाच मात्र सुरीनं निघते, छिन्नी लागत नाही.

प्रश्न : पत्र्याच्या घरात एप्रिल-मे सोसत नाही. कागदाच्या लगद्याचं सीलिंग करून फरक पडेल का? जाडी किती ठेवावी?
– एक वाचक, भालकी

उत्तर : पडेल. पण आधी पत्र्याला वरून पांढरा रंग द्या. खर्च कमी, फरक त्याच दिवशी. ते झाल्यावर सीलिंगचं बघा.

दोन फुटी ॲल्युमिनियम चौकटीत बसणारी टाइल ५९५ मिलिमीटर चौरस लागते, जाडी १५ मिलिमीटर. एका टाइलला १.२ किलो कागद आणि १.२ किलो सिमेंट, वाळू नको. वाळल्यावर अडीच किलोच्या आसपास भरते. निथळलेला माल चौकटीत दोन जाळ्यांमध्ये ठेवा, खाली-वर पातळ सुती कापड, वर जाड फळी आणि मोटारगाडीच्या जॅकनं दाब द्या. पाणी गळायचं थांबलं की काढा.

इथे सगळ्यांची टाइल वाकते, आणि त्याला कारण एकच : एक बाजू उन्हाला आणि एक जमिनीला. पहिले दोन दिवस सपाट फळ्यांवर सावलीत, वर वजन ठेवून, मग मधे पट्ट्या घालून चळत लावा आणि रोज उलटा. वाकलेली टाइल ओल्या पोत्यात गुंडाळून पुन्हा दाबली तर थोडी सरळ होते, पूर्ण नाही.

पत्रा आणि सीलिंग यांत सहा इंच तरी हवा खेळू द्या, दोन्ही टोकांना जाळीची भोकं ठेवा, नाहीतर वरची गरम हवा तिथेच कोंडते. टाइल चढवण्याआधी पत्र्याच्या प्रत्येक स्क्रूचा वॉशर तपासा. गळका पत्रा आणि कागदी टाइल ही जोडी पहिल्याच वळिवात डोक्यावर येते. भिजलेला कागद उष्णताही अडवत नाही.

प्रश्न : वाळवी आणि आग, दोन्हींची भीती वाटते. टाकणखार (बोरॅक्स) घातला की दोन्हींवर चालतो असं ऐकलं. खरं का?
– एक वाचक, हल्याळ

उत्तर : टाकणखार वाळवीला आणि आगीला आवरतो हे खरं, पण सिमेंटच्या मालात घालू नका. तो सिमेंटचं धरणं लांबवतो, साखरेसारखाच. शिवाय तो पाण्यात विरघळतो, म्हणजे ओल आली की धुऊन जातो. सिमेंट न घातलेल्या, मातीच्या किंवा डिंकाच्या लगद्यात त्याचा उपयोग आहे.

वाळवीसाठी पायाखालच्या मातीलाच औषध, आयएस ६३१३ प्रमाणे, आणि ते काम परवानाधारकाकडून. सिमेंटनं माखलेला धागा वाळवीला आवडत नाही, पण जिथे सिमेंट कमी आणि ओल आहे तिथे ती शिरते. तुमच्याकडे जंगल जवळ, तेव्हा लाकडी चौकट जमिनीला टेकू देऊ नका. वाळवी बहुधा तिथूनच चढते आणि दोष ब्लॉकला लागतो.

आगीचं जरा वेगळं आहे. हा ब्लॉक भडकून पेटत नाही. वरची कड काळी होते आणि ज्वाळा काढली की विझल्यासारखा दिसतो. घात तिथेच आहे, कारण कागद जास्त असलेला ब्लॉक आतल्या आत तासन्‌तास धुमसत राहतो. एक ब्लॉक पाव तास निखाऱ्यावर ठेवा, बाजूला काढून दोन तासांनी फोडा. आत लाल कण किंवा राखेची पोकळी दिसली तर सिमेंट आणि वाळू वाढवायला हवी. चाचणी उघड्यावर करा आणि पाण्याची बादली जवळ ठेवा. चूल, न्हाणीतला बंब, धुराडं आणि मीटरबोर्ड यांच्या मागे हा ब्लॉक कधीच नको, तिथे वीट लावा.

प्रश्न : निपाणीत छपाईची आणि पॅकिंगची कागदी कात्रणं भरपूर निघतात. युनिट टाकायचा विचार आहे. धंदा होईल का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : 'स्वस्त ब्लॉक' म्हणून विकायला जाल तर नाही. हिशेब कागदावर मांडा. ५० किलोच्या पोत्यात वर दिलेल्या प्रमाणानं पंचवीस ब्लॉक होतात, म्हणजे ब्लॉकमागे दोन किलो सिमेंट. त्याच मापाच्या साध्या सिमेंट ब्लॉकला, १:९ धरलं तर, दीड-पावणेदोन किलो पुरतं. म्हणजे सिमेंट वाचत नाही, वजन वाचतं. शिवाय सहा आठवडे वाळवायची जागा आणि पावसाळ्याचे चार महिने काम बंद.

गिऱ्हाईक ताकद विचारणार. भाजलेल्या विटेचा सर्वांत खालचा वर्ग ३.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरचा असतो. कागदी ब्लॉक बहुधा एक ते तीनच्या दरम्यान राहतो, आणि तुटण्याऐवजी दबत जातो. बाजारात मिळणारा एएसी ब्लॉक (हवेचे बुडबुडे भरून वाफेच्या दाबाखाली पक्का केलेला) जवळजवळ तेवढाच हलका असून, घनमीटरला ५५१ ते ६५० किलो घनतेच्या पहिल्या प्रतीला आयएस २१८५ च्या तिसऱ्या भागात ४ न्यूटन मागितलेले आहेत. त्याच्याशी भावात टक्कर देणं कठीण. कागदी ब्लॉक त्या मानकाच्या कुठल्याच भागात बसत नाही, त्यामुळे सरकारी कामात घ्या म्हणायला आधार नाही.

आम्हाला विचाराल तर सीलिंग टाइल, आवाज शोषणाऱ्या फळ्या, आडभिंतीचे ब्लॉक अशा ठरावीक मालावर लहान प्रमाणात सुरुवात करा, आणि कच्चा माल असा घ्या जो रद्दीवाला नाकारतो. चांगल्या वर्तमानपत्राला त्याच्याकडे भाव आहेच. रोजचा सोळा पानी अंक साठ-सत्तर ग्रॅमचा, वर्षाची रद्दी पंचवीस किलोच्या आत. एका पोत्याला पस्तीस किलो कागद लागतो, म्हणजे एका घराची जवळजवळ दीड वर्षाची रद्दी. ती विकत घेऊन ब्लॉक करण्यात पैसा नाही. कात्रणं, फाडलेले हिशेबाचे कागद, डागाळलेला पुठ्ठा यांत आहे.

पहिल्या घाण्यांचे नमुने बेळगावातल्या एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या मटेरियल टेस्टिंग लॅबमध्ये द्या. आयएस ३४९५ प्रमाणे दाब आणि पाणी शोषण, दोन्ही चाचण्या मागा, आणि ब्लॉक कोरडे असताना व भिजवून असे दोन्ही आकडे घ्या. भिजलेल्याचा आकडा पत्रकात छापायचं धाडस होत असेल तरच माल बाजारात काढा.

थोडक्यात

*लग्नपत्रिका आणि गुळगुळीत मासिकं चालतात का?* (उचगाव) – मासिकं चालतात, पण त्या कागदात धाग्याबरोबर चिनी माती आणि खडूची भर असते, म्हणून लगदा आखूड आणि कमकुवत. एक तृतीयांशच्या वर नको. सोनेरी पट्टीच्या, प्लॅस्टिक चढवलेल्या पत्रिका आणि चहाचे कागदी कप बाजूला काढा. आतला प्लॅस्टिकचा पापुद्रा फिरवताना फाटतो, ब्लॉकमध्ये थर धरतो आणि तिथूनच ब्लॉक सुटतो.

*वाळूऐवजी शेतातली माती?* (चिकोडी) – काळी नको, ती स्वतःच भेगाळते. चाळलेली तांबडी माती आतल्या भिंतीला चालते.

*ब्लॉकला वास येतो आणि हिरवट डाग पडलेत.* (कारवार) – वाळण्याआधी चळत लावली. ब्लॉकमध्ये दोन बोटं अंतर सोडा, डाग चुन्याच्या निवळीनं घासा. किनाऱ्याच्या दमट हवेत उन्हाबरोबर वाराही लागतो, तेव्हा वाळवण छपराच्या उघड्या बाजूला घ्या. लगदा दोन दिवसांहून जास्त भिजत राहिला असेल तर वास तिथलाच आहे, पुढच्या वेळी भिजवतानाच शंभर लिटर पाण्यात अर्धा किलो विरवलेला चुना टाका.

*साचे धुतलेलं पाणी विहिरीजवळच्या चरात सोडलं तर?* (हिंडलगा) – सोडू नका. त्यात सिमेंटचा तीव्र क्षार असतो. टाकीत साठवून गाळ बसू द्या, वरचं पाणी पुढचा माल कालवायला घ्या, गाळ वाळवून जोत्याच्या भरावात टाका.